गॅलरीतला झेंडा

अरविंदने शोव्हल बर्फात रोवलं आणि कंबर सरळ केली. कुंपणापलीकडून शेरको हाक मारत होता. शेरको इराकमधला कुर्द. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन ओटावात आलेला, बऱ्याच वर्षांचा शेजारी.

"अरविंद, तुमचा झेंडा काढायला कुणी सांगितलं का? सिटीने?"

"कसला झेंडा?"

"वरच्या गॅलरीतला. हॉकी स्टिकवरचा. गेल्या वर्षी नव्हता."

अरविंदला हसू आलं. इथे बांबू कुठला मिळायला! म्हणून त्याची बायको उमा लेकीच्या, रुचाच्या, जुन्या हॉकी स्टिकवर गुढी उभारायची. उमा वारली आणि वर्षभर सण नव्हते. उद्या पाडवा. पण एकट्यासाठी कशाला, म्हणून त्याने रुचाला फोनवर नाहीच म्हणून सांगितलं होतं.

"झेंडा नाही रे तो. सण आहे आमचा."

"मला माहीत आहे, उमा म्हणाली होती. बाबांना मात्र मी सांगितलं नाही." शेरकोने आवाज खाली आणला. "त्यांच्या जन्माआधी, पहिल्या महायुद्धानंतर, इंग्रज-फ्रेंचांनी एका तहात लिहिलं, कुर्दांना देश देता येईल. तीन वर्षांनी दुसरा तह झाला, त्यात आमचं नावच नाही. नकाशा आखला, चहा प्यायले, उठले. बाबांना वाटतं, तुमचंही तसंच काहीतरी झालंय, तरी तुम्ही दरवर्षी झेंडा लावता. तो दिसला की छातीवर हात ठेवून उभे राहायचे."

"आणि गेल्या वर्षी?"

"दिवसभर खिडकीत बसून होते. म्हणाले, यांचंही नाव खोडलं."

अरविंद पुन्हा बर्फ काढायला लागला.

सकाळी त्याने कपाटातून उमाची हिरवी नारायणपेठ काढली. गाठी आणलेल्या नव्हत्या, तेव्हा कोपऱ्यावरून टिमबिट्स, म्हणजे छोटे गोल डोनट, आणून त्यांचीच माळ ओवली. उमाने पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. वर तांब्या उपडा घातला आणि स्टिक कठड्याला घट्ट बांधली.

समोरच्या खिडकीत म्हातारा चौकटीला धरून सावकाश उठला. हात छातीवर गेला.

जरा वेळाने शेरको अंगणात आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"बाबा विचारताहेत, परत मिळालं का?"

अरविंदने वाऱ्याने विस्कटलेल्या निऱ्या सारख्या केल्या.

"थोडंसं, म्हणावं."