सात पायांची कोळीण

ऑस्ट्रेलियातल्या मरीबा गावाच्या वेशीवर आमची थोडी जमीन आहे. तिथे क्लाइव्ह कुंपणाच्या खांबासाठी खड्डा खणत होता आणि मी तार धरून उभी होते. फावड्याचा घाव बसला आणि मातीतून शीळ आली. किटलीतलं पाणी उकळायच्या आधी वाजतं ना, तशी.

क्लाइव्ह दोन पावलं मागे सरला. माझा नवरा उसाचं हार्वेस्टर चालवतो, दारासारखा रुंद गडी. अजगर शेपटीला धरून बाजूला ठेवेल, पण कोळी दिसला की आधी बूट, मग विचार.

खड्ड्याच्या कडेला तळहाताएवढी केसाळ कोळीण, टॅरँटुला, उभी होती. पुढचे पाय उगारलेले, सुळे उघडे. तिचा एक पाय फावड्याखाली तुटून पडला होता.

"हा आवाज हिने काढला?" मी विचारलं.

"हिनेच. घर मी मोडलं, पाय मी तोडला, आणि तरी मलाच दरडावतेय बघ!" उगारलेलं फावडं त्याने हळूच खाली ठेवलं. "मर्ल, बिस्किटांचा रिकामा डबा आण. झाकणासकट."

शेजारच्या अ‍ॅथर्टन गावातली ग्वेन कितीतरी वर्षं टॅरँटुला पाळत आलीय. क्लाइव्हने तिला फोन लावला.

"हातात घ्यायची नाही," ग्वेन म्हणाली. "मांजर नाही ती. चावली तर दिवसभर ओकत बसशील, आणि कुत्र्याला चावली तर कुत्रं गेलंच समज. काचेची पेटी घे, हातभर खोल माती दाबून भर, ओलसर ठेव. पाण्याची उथळ वाटी ठेव आणि अधूनमधून एखादा रातकिडा सोड. बाकी तिचं तिला करू दे."

"आणि पायाचं काय?"

"रक्त थांबलंय ना? मग तेही तिच्यावर सोड."

कपडे धुवायच्या खोलीत मासे पाळायची जुनी काचेची पेटी आली. कोळिणीने काचेला लागून बीळ खणलं, तोंडाशी माती आणि जाळं लिंपून दार बंद केलं आणि दिसेनाशी झाली. आठवडेच्या आठवडे गेले. शेजारचा नेव्ह बिअर प्यायला आला की सुरू व्हायचा.

"काय क्लाइव्ह, माती कशी आहे तुझी? खाते-पिते ना? फिरायला नेतोस की नाही?"

क्लाइव्हही हसायचा. पण सकाळी चहाच्या आधी जाऊन मातीचा एक कोपरा ओला करायचा.

एका रविवारी दुपारी मी बिळात अंधार राहावा म्हणून काचेवर टाकलेलं कापड उचललं, तर बिळाच्या तळाशी ती उताणी पडलेली. पाय वर. मेली असंच वाटलं मला. क्लाइव्हला हाक मारली. तो आला, बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मग ग्वेनला फोन केला.

"उताणी आहे ना? मरणारी कोळीण उताणी नाही होत रे, पाय पोटाशी घेऊन पालथीच आखडते. कात टाकतेय ती. धक्का लावू नका, गप बसून बघा."

आम्ही दोन स्टुलांवर बसलो. तिच्या पाठीचं कवच झाकणासारखं उघडलं. मग ती स्वतःतूनच बाहेर येऊ लागली. थोडं अंग ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. ओल्या हातमोज्यातून एकेक बोट काढावं तसे पाय निघत होते. सुळे निघाले ते पांढरेशुभ्र. स्वयंपाकघरातून ओव्हनमधलं मटण जळल्याचा वास येत होता, पण दोघंही उठलो नाही.

शेवटी कात बाजूला पडली आणि ती अंग पसरून निपचित राहिली. क्लाइव्हने काचेला नाक लावलं.

"मर्ल," तो कुजबुजला, "मोज. तू मोज. माझं चुकत असेल."

आठ होते. तुटल्या जागचा बारीक होता, फिकट, इतरांपेक्षा आखूड. पण सांध्यांसकट पुरा पाय. बंद दाराआड, अंधारात, उपाशी राहून तिने तो घडवला होता. क्लाइव्हचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

संध्याकाळी नेव्ह आला. क्लाइव्हने त्याला काचेसमोर बसवलं. नेव्हची बिअर हातातच कोमट झाली.

मग तो म्हणाला, "त्या ग्वेनकडे एखादं पिल्लू असेल का रे?"

"आधी माती दाबून भरायला शीक," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याच्यासाठी फोन लावायला उठला.