जातं हलणार न्हाई

लातूरच्या औसा रोडवर, तिसऱ्या मजल्यावर, शेतकरी बायांना फोनवर शेतीसल्ला धाडणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात मधोमध जातं होतं. रोज सकाळी लुंबिनी आणि तिची भागीदार प्रियदर्शनी समोरासमोर बसायच्या, ज्वारी ओतायच्या आणि दळता दळता त्या दिवसाचा निरोप गायच्या. पाऊस, फवारणी, बाजारभाव. जे ओवीत बसलं नाही, ते शेतातल्या बायांच्या फोनवर गेलं नाही.

त्या दिवशी गुंतवणूकदार अमरेश आला होता. मूळचा उदगीरचा, आता पुण्याचा. त्याच्यासमोरच ओवी रेकॉर्ड झाली :

पंप ठेव सावलीला, फवारू नको गं आज
बालाघाटाच्या माथ्याला, काळ्या ढगाचा गं साज

"छान आहे," अमरेश म्हणाला. "पण मॅडम, ही कंपनी आहे, बारसं नव्हे. स्वच्छ प्रमाण मराठीत, मशीनच्या आवाजात मेसेज जाऊ द्या. जातं बाहेर काढा, उद्या गुंतवणुकीचे कागद करू."

प्रियदर्शनीनं लुंबिनीकडं पाहिलं. हा पैसा आला नाही, तर दिवाळीआधी ऑफिसला कुलूप लागणार होतं.

लुंबिनीच्या हातांना अजून पीठ होतं. "कुलूप लागलं तर लागू द्या, सर. जातं हलणार न्हाई. माझी आई यंत्रासारखं कधीच बोलली न्हाई, म्हणून तर तिचं बोलणं ध्यानात हाय."

अमरेश नांदेडच्या वाटेला लागला. पीठ तसंच जात्याभोवती पडून राहिलं, मोगऱ्यासारखं पांढरं.

दुपारी त्याचाच फोन.

"चाकूरजवळ चहाला थांबलोय. ऐका."

फोनमधून वारा आला, खुरप्यांची खसखस आली आणि मग बायांचा गळा. सकाळचीच ओवी. पण ती संपली तिथं थांबली नाही :

ढग गेला उदगीराला, कोरडं गं माझं रान
लातूरच्या लेकीबाई, इकडं दे गं जरा कान

लुंबिनीला हसू फुटलं. "ढग तुमच्याच गावाला पळाला की, सर! प्रिये, चाकूर कोरडं हाय, उद्या फवारा म्हणून कळव. अन् गाऊन कळव."

"तुमचा अंदाज चुकलाय आणि तुम्ही हसताय?" अमरेश म्हणाला.

"त्या भांडायल्यात आमच्याशी. परक्याशी कोण भांडतं?"

पलीकडं चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्या बाकीच्या कंपन्या रोज मेसेज धाडतात," तो हळू म्हणाला. "आजवर एकाही बाईनं उलट बोल सुनावला नाही. मला हाच उलटा बोल पाहिजे. कागद आणतो. अट काढून."

"या. पण आता अट आमची." लुंबिनीनं खुंटा मुठीत धरला. "सहीला खुर्ची न्हाई मिळायची. पाय दुमडून, जात्याच्या त्या अंगाला बसावं लागंल."

"बसतो."

"अन् गावं लागंल!"

त्याचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. जातं घरघरलं, चाकूरच्या बायांना जबाब द्यायचा होता.