जाळीपलीकडची रोपं

तिने काकडीच्या रोपाचं पान खुडलं, भिंगाखाली धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. भुरीचा, त्या बुरशीचा, एक पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. तरी रोप खुरटलेलं. एकच नाही, अख्खा ट्रे. भुरी लागलेल्या रोपांशी तुलना करायला मुद्दाम निरोगी ठेवलेली ही रोपं, आणि नेमकं त्यांनीच अंग चोरलेलं.

"मॅडम, सकाळपासून कितव्यांदा बघताय?" तंत्रज्ञ म्हणाला. "आता त्या पानालाच लाज वाटायला लागली असेल."

तिला हसू आलं नाही. निरोगी रोपंच बिघडली तर तुलना कशाशी करणार? सगळ्या हंगामाची मेहनत पाण्यात. ती खुर्चीत बसली, लगेच उठली, यंत्राच्या पडद्याशी जाऊन उभी राहिली.

"पानांचा अर्क तपासून झाला?"

"झालाय. पण तुम्हाला आवडणार नाही."

पडद्यावर एकाखाली एक दोन आलेख होते. पानात बुरशी शिरली की रोप वाढ आवरतं घेतं आणि अंगातलं सगळं बळ बुरशीला मारक द्रव्यं बनवण्यात ओततं, हे तिला तोंडपाठ होतं. वरच्या आलेखात, आजारी रोपांच्या, त्या द्रव्यांची टोकं उंच उभी होती. खालच्या, निरोगी रोपांच्या आलेखातही तीच टोकं होती. थोडी बुटकी, इतकंच.

"लढाईचा पत्ता नाही आणि हे आपले चिलखत घालून बसलेत," तंत्रज्ञ डोकं खाजवत म्हणाला.

"ही रोपं ठेवली कुठे होती?"

"तुम्हीच सांगितलंत ना! पलीकडच्या खोलीतला एसी बंद पडला तेव्हा. मध्ये बारीक जाळी लाव आणि आजारी रोपांशेजारीच ठेव, म्हणालात."

म्हणाली होती खरी. हॉस्पिटलच्या जिन्यातून, फोनवर, घाईघाईत. आत तिच्या धाकट्या मुलाला ऑक्सिजन लावला होता. जाळीतून बुरशी जाणार नाही, एवढाच विचार तेव्हा तिच्या डोक्यात आला. पण वास जातो. आजारी पानं हवेत जे सोडतात, ते शेजारच्या पानांना कळतं आणि ती मुकाट्याने तयारीला लागतात. हे ती स्वतः वर्गात शिकवत आली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"टाकून देऊ?" तंत्रज्ञाने ट्रेला हात घातला.

"नको. राहू दे आज."

घरी आली तरी पाय एका जागी ठरेनात. धाकटा आता ठणठणीत होता, सोफ्यावर उड्या मारून घर डोक्यावर घेत होता. मोठी मुलगी कोपऱ्यात गणितं सोडवत बसली होती. मोठीचा कसला म्हणून त्रास नाही, असं सगळे म्हणत. धाकट्याला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली की तिला मावशीकडे सोडत. ती हूं की चूं न करता जाई. तिचं केवढं कौतुक व्हायचं!

वाटेत पडलेलं मोठीचं दप्तर तिने बाजूला करायला उचललं, तर हात खाली ओढला गेला.

"अगं, दगड भरलेस की काय यात?"

तिने चेन उघडली. पुस्तकांच्या मागे कपड्यांचा एक जोड होता, नीट घडी घातलेला. टॉवेल. टूथब्रश. मावशीच्या घराची किल्ली.

"हे काय गं?"

"काही नाही. असू दे."

"पण छोट्या बरा झालाय आता. कधीचाच."

"माहितीये मला." मोठीने वहीतून मान वर केली नाही. "असू दे ना, आई. मला नाही जड होत."

ती ब्रश हातात घेऊन बेसिनपाशी गेली. पेल्यात तीन ब्रश होते. चौथा कधीपासून नव्हता, हे तिला काही केल्या आठवेना. रोज सकाळी ती याच पेल्यात हात घालत होती. तिने चौथा ब्रश बाकीच्यांत ठेवला.

मागे दारात मोठी येऊन उभी राहिली होती.

"आई, सकाळी दात घासले की मी तो परत दप्तरात ठेवीन हं. रागावू नकोस."

"ठेव," ती म्हणाली, आणि नळ सोडून उगाचच हात धूत राहिली.