नेरमिनची किटली

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. तुर्कस्तानातल्या अँतेप गावी एका तांबटाने मला ठोकून घडवलं. नेरमिन लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा तिने मला आपल्या कपड्यांत गुंडाळून आणलं. तिच्या नवऱ्याने, यूसुफने, शिकागोत कबाबचं छोटं हॉटेल काढलं. सतरा वर्षं मी तिथल्या शेगडीवरून उतरले नाही. माझ्या चहासाठी गिऱ्हाइकं वाट वाकडी करून येत.

मग नेरमिन वारली. यूसुफने मला वरच्या फळीवर ठेवलं आणि चहाचं मशीन आणलं. माझ्याकडे पाहायचंही तो टाळायचा. चार वर्षांत मी काळीठिक्कर पडले. आच आठवायची, आणि तिचे हात.

एका शनिवारी शिकागोत नोकरी करणारा प्रितम आपल्या आईला, रमाबाईंना, घेऊन आला. नागपूरहून आलेल्या आईला तो सकाळपासून शहर दाखवत होता. सोमवारी तिचं परतीचं विमान होतं.

"आई, कबाब निवतायत. खा ना."

"घास उतरत नाही रे. तू घरी कधी येशील, ते सांग."

"व्हिसाचं काम अडकलंय. आत्ता गेलो, तर परत एंट्री मिळेल याची गॅरंटी नाही."

नजर चुकवायला रमाबाईंनी वर पाहिलं, तर मी दिसले.

"ही कुणाची, विचार."

प्रितमने विचारलं. यूसुफ इंग्रजीत हळूच म्हणाला, "माझ्या बायकोची. ती आता नाही."

प्रितमने ते आईला सांगितलं. रमाबाई उठल्या. ताटातली लिंबाची फोड आणि टेबलावरचं मीठ घेऊन त्या यूसुफपुढे उभ्या राहिल्या. "त्यांना म्हण, मी घासून देते. माझ्याही घरी तुझ्या गेलेल्या बाबांचा तांब्या आहे. रोज घासते, रोज त्यातूनच पाणी पिते."

प्रितमने ते इंग्रजीत सांगितलं. मग यूसुफने स्टूल ओढलं आणि मला खाली उतरवलं.

रमाबाईंनी मला घासलं. यूसुफने चहा केला. त्याने तिघांचे पेले भरले, स्वतःही त्यांच्याजवळ बसला. पहिला घोट घेताना त्याचे डोळे भरून आले.

"पुढच्या वर्षी नक्की येतो, आई," प्रितम म्हणाला.

"जमेल तेव्हा ये. खोटं नको बोलू."

आता मी रोज शेगडीवर असते. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू फळीवर ठेवून झुरू नका. तिला हात लावा, कामाला लावा. आणि जे आहेत, त्यांना भेटा.

रमाबाई नागपूरला परतल्या. परवा प्रितम एकटाच आला होता. त्याने दोन चहा मागवले. एक प्यायला. दुसरा निवेपर्यंत तो बसून राहिला.