रेवडीचे कान

गल्लीच्या तोंडाशी ऑटो सोडायचा आणि उरलेलं अंतर चालत जायचं, ही ललिताची माहेरी यायची रीत. तिच्या चपला वाजल्या की टिनाच्या शेडातून रेवडी खिंकाळायची. अकोल्यात वरातींना घोडी देणाऱ्या तिच्या वडिलांची, पुंजाजींची, ही पांढरी घोडी ललिताबरोबरच वाढलेली.

आज खिंकाळणं आलं नाही.

मुलीला कडेवर सावरत ललिता फाटकातून आत आली. रेवडी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"विसरली मले," ललिता म्हणाली.

"सालभरानं तोंड दाखवशील तं काय होईन!" पुंजाजी बाजेवरून म्हणाले. "जनावर हाय ते. तुले फोन थोडीच लावते?"

बापाचे गुडघे गेले होते. वरातीपुढे लगाम धरून चालणं आता होत नव्हतं. पातूरचे खुशालराव दुपारी टेम्पो घेऊन घोडी विकत न्यायला येणार होते. सासरच्या, अमरावतीच्या दोन खोल्यांत रेवडी मावणार नाही, हे ललिताला कळत होतं. तिला फक्त एकदा तिच्या पाठीवर बसायचं होतं. शाळेआधी रोज जायची तसं, खोगिराशिवाय, मोर्णा नदीच्या काठापर्यंत. लग्नानंतर ती हे कुणाशी बोलली नव्हती. पण मुलीला मांडीवर झोपवताना तिचे गुडघे आपोआप आवळले जायचे.

जवळ गेल्यावर तिला रेवडीच्या कानांत कापसाचे बोळे दिसले. फटाक्यांनी बुजू नये म्हणून पुंजाजी दर वरातीआधी कापूस पिंजून घालायचे. कालचे काढायचे राहिले होते. ललिताच्या जिवात जीव आला. मुलीला खाली बसवून तिनं अलगद बोळे काढले.

"रेवडे! ए माय माही!"

कान हलला नाही. मागे मुलीनं खरारा ठेवायचा डबा ओढला आणि तो फरशीवर दणकन पडला. पोर दचकून दोन्ही मुठी आवळून रडायला लागली. रेवडी तशीच शांत. मुलीची झोप मोडू नये म्हणून वर्षभर घरात पाऊल न वाजवता वावरलेल्या ललिताला आवाज म्हणजे काय ते बरोबर ठाऊक झालं होतं.

"बाबा, हिले ऐकू येत नाई."

"चाल! काईतरीच." पुंजाजी उठून आले. त्यांनी कानामागे चुटकी वाजवली, मग टाळी. मग ते तिथंच खाली बसले. "औंदा लय शाणी झाली म्हणून मी लोकायले सांगत फिरलो व. डीजेपाशी उभी केली तरी हालत नाई म्हणो माही घोडी... बाप्पा रे!"

एवढ्याशा कापसाचं त्या भोंग्यांपुढे काय चालणार होतं!

ललितानं मुलगी त्यांच्या मांडीवर दिली आणि साडी खोचली.

"आता काय सर्कस करतं? पडशील नं."

"पडली तं पडली."

तिनं मानेवर हात ठेवला आणि पाठीवर झेप घेतली. रेवडी थरथरली. ललितानं डावा गुडघा हळूच दाबला, आणि घोडी वळली. फाटक, मग रस्ता, मग मोर्णेची उतरण. लगामाला हात लावावा लागला नाही. काठाशी येऊन, जिथं ललिता रोज उतरायची त्याच दगडापाशी, ती थांबली. विसरली नव्हती. फक्त हाक पोचली नव्हती. ललिता आयाळीत तोंड खुपसून रडली, आणि हुंदका कुणाला ऐकू जाईल म्हणून आज तो आवरावा लागला नाही.

परतली तेव्हा टेम्पो दारात होता. तिच्या मनात एक आशा उगवली. बहिरी घोडी कोण नेतं? उतरता उतरताच तिनं सांगून टाकलं, "काका, हिले ऐकू येत नाई. आमालेई आताच कळलं."

खुशालरावांनी पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजींनी होय म्हणून मान हलवली.

"सांगितलं ते बरं केलं पोरी," खुशालराव हसले. "पण मले तं अशीच पायजे. फटाके फोडा, डीजे लावा, बुजाची भानगडच नाई."

ललितानं रेवडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मागून जाऊ नोका. समोरून जा. पहिले मानेवर हात ठेवत जा."

टेम्पोच्या फळीपाशी रेवडी अडली. खुशालराव आणि पुंजाजी, दोघांनी ओढलं, तरी पाय उचलेना. तेव्हा पुंजाजींनी खिशातून कापूस काढला आणि बोटांनी पिंजला. तो पाहताच रेवडीनं मान खाली केली.

"आता काहून घालता बाबा? तिले कुठं ऐकू येते?"

"कान भरले की तिले वाटते वरात हाय." बोळा बसवताना त्यांची बोटं थांबत होती. "वरात झाली की घरी येते नं ती."

दोन्ही कान भरून झाले. रेवडी आपल्या पायांनी फळी चढली.