घरात किती महिने?

माझं रिटर्न परत येत नसतं. गावात कुणालाही विचारा. सकाळ-दुपार मी शाळेची बस चालवते, आणि फेब्रुवारी लागला की संध्याकाळी टॅक्सच्या मागे लागते. आमचं रिटर्न, नणंदेचं, समोरच्या दोन म्हाताऱ्यांचं, सगळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून जातात आणि गपगुमान मंजूर होतात. त्यामुळे त्या शुक्रवारी 'नामंजूर' असा मेल आला तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वासच बसेना. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तेच होतं.

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांमधला शुक्रवार होता, त्यामुळे घरात मांस नाही. माझा नवरा गॉर्डी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे आणायला गेला होता. तिथली रांग पार गाड्या लावतात तिथपर्यंत येते, म्हणजे तासाभराची निश्चिंती. त्याची बहीण बर्निस आपले टॅक्सचे कागद पावाच्या रिकाम्या पिशवीत कोंबून माझ्यासमोर बसली होती आणि स्वतःची पाळी येईपर्यंत माझा कॉफी केक संपवत होती.

"काय गं मार्लिस, तोंड का असं झालं?"

"परत आलं."

"तुझं?" तिला इतका आनंद झाला की तो लपवायचंही तिला सुचलं नाही.

कारण असं दिलं होतं: तुमच्या रिटर्नमधल्या एका व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नमध्ये वापरला गेला आहे. खाली शेवटचे चार आकडे होते. आमच्या मुलाचे, नोलनचे.

"चोरी," बर्निस म्हणाली. "कुणीतरी पोराचा नंबर चोरलाय. बँकेला फोन कर."

चोरी कसली? मला क्षणात उलगडा झाला. आमच्या बस डेपोत दर मार्चमध्ये कुणाच्या ना कुणाच्या घरी हा तमाशा झालेला असतो. पोर कॉलेजात, हॉस्टेलवर. कुठेतरी भांडी घासून चार डॉलर मिळवतं आणि रिफंडच्या आशेनं एकटंच रिटर्न भरायला बसतं. सॉफ्टवेअर विचारतं, दुसरं कुणी तुम्हाला आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकतं का? पोराला वाटतं आपण आता मोठे झालो. दाबतं 'नाही'. आणि इकडे त्याच पोराला अवलंबून दाखवणाऱ्या आईबापांचं रिटर्न आपटतं. मी त्या सगळ्या आयांना पोट धरधरून हसले होते. आमचा नोलन असं करायचा नाही, म्हणायचे. त्याला मी वळण लावलंय.

मी फोन लावला आणि टेबलावर स्पीकरवर ठेवला, कारण हात लॅपटॉपला हवे होते.

"नोलन, तू रिटर्न भरलंस?"

"हो. या महिन्याच्या सुरुवातीला."

"मला न विचारता?"

"साधं तर होतं, मॉम."

"इतकं साधं होतं की माझं परत आलंय. बर्निस आत्यासमोर अब्रू गेली माझी."

"हाय, बर्निस आत्या."

"हाय, बाळा," केकनं भरलेल्या तोंडानं बर्निस म्हणाली.

"लॅपटॉप उघड. दुरुस्तीचं रिटर्न भरायचंय. तू प्रश्न वाच, मी सांगते ते दाब."

"मी तुला नंतर फोन केला तर?"

"नाही. तुझं नंतर मला माहीत आहे. ख्रिसमसलाही नंतर येणार होतास."

तो राग माझ्या मनात अजून ताजा होता. रस्त्यावर बर्फ आहे म्हणाला होता. बर्फ काय, आमच्याकडेही होता. मॅडिसनहून आमच्या गावी यायला दोन तास लागतात, आणि मी त्याच बर्फात चाळीस पोरं सुखरूप घरी पोचवते. त्याच्या नावाचा, भेटी भरायचा ख्रिसमसचा मोजा फायरप्लेसवर तसाच लटकत राहिला. शेवटी गॉर्डीनंच तो मुकाट्यानं काढून ठेवला.

पलीकडे लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. नोलन वाचू लागला. "'दुसरं कुणी तुम्हाला आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकतं का?'"

"हो दाब."

"ते खरं नाहीये, मॉम."

"खरं नाही म्हणजे? पुढचा प्रश्न वाच, म्हणजे तुझं तुलाच कळेल."

"'गेल्या वर्षी किमान पाच महिने तुम्ही पूर्ण वेळ विद्यार्थी होता का?'"

"हो. दाबलंस?"

"नाही."

"अरे, दाब ना मग."

"तसं नाही. उत्तर 'नाही' आहे. मी मार्चमध्ये सोडलं."

"काय सोडलं?"

"कॉलेज. मागच्या मार्चमध्ये. वर्ष झालं."

मी फ्रिजकडे बघितलं. तिथे मॅडिसनच्या विद्यापीठाचं लाल स्टिकर आहे. तसंच एक माझ्या गाडीवर मागच्या काचेला आहे, एक गॉर्डीच्या पेपर मिलमध्ये न्यायच्या डब्यावर. आमच्या दोन्ही घराण्यांत विद्यापीठाची पायरी चढलेला हा पहिला.

"वर्षभर," मी म्हटलं. "वर्षभर दर रविवारी मी तुला विचारतेय."

"तू विचारत नव्हतीस. तू म्हणायचीस, परीक्षा चांगली गेली ना? अभ्यास चाललाय ना? तुझ्या प्रश्नात उत्तर आधीच असतं, मॉम. हे सॉफ्टवेअर निदान दोन्ही बटणं दाखवतं."

माझ्याच पोटच्या पोरानं मला चपराक मारावी तसं झालं. रागानं काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर माझंच रिटर्न दिसलं. चौकस शेजारणीसारख्या त्या सॉफ्टवेअरनं मलाही हेच विचारलं होतं. नोलन पूर्ण वेळ विद्यार्थी होता का? मी 'हो' दाबलं होतं. यात विचार कसला करायचा? तो वर्षभरात तुमच्या घरी किती महिने राहिला? मी बारा टाकले होते. कॉलेजात असलेलं पोर घरातच आहे असं धरतात, कारण ते शिकायला तात्पुरतं बाहेर गेलेलं असतं. तात्पुरतं.

"का सोडलंस?"

"दोन विषयांत नापास झालो. तिसऱ्यात होणार होतो. तुला सांगायला घरी येणार होतो, तर तू गाडीला ते स्टिकर लावल्याचा फोटो पाठवलास. एक गोष्ट सांगायची राहिली. मग ती सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येईना."

"दुसरी कुठली?"

तो भलतीकडेच वळला. "मी टायरच्या दुकानात काम करतो. चांगले लोक आहेत. भाडं माझं मीच भरतो, जेवण माझं मीच भागवतो. म्हणून म्हटलं, तुझ्या रिटर्नमध्ये मला दाखवता येणार नाही. पुढचा प्रश्न वाचू?"

"वाच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"'तुमच्यावर कुणी अवलंबून आहे का?'"

"ते 'नाही' दाब आणि..."

"मी 'हो' दाबलंय."

बर्निसनं काटा खाली ठेवला. माझं डोकं काही केल्या चालेना. दरवर्षी समोरचा म्हातारा ज्या गोष्टीसाठी माझ्याशी हुज्जत घालतो, नेमकी तीच आठवली.

"कुत्रा धरता येत नाही, नोलन."

"कुत्रा नाहीये, मॉम."

आणि त्याच्या मागून, लांबून, आवाज आला. आधी कुरकुर, मग खणखणीत रडणं. माझ्या टेबलावर, माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवलेल्या फोनमधून एक तान्हं मूल रडत होतं. बर्निसनं छातीवर क्रूसाची खूण केली.

त्यामागोमाग एक मुलगी काहीतरी हळू बोलली. तो आवाज मी ओळखला. शेल्बी. चार जुलैला तो तिला एकदाच घरी घेऊन आला होता. मागच्या अंगणात सगळे बसलेले, गॉर्डी ब्राटवुर्स्ट सॉसेज भाजतोय, आणि या पोरीनं एकाही तुकड्याला हात लावला नाही. नुसती लिंबूपाणी पीत होती. मी नाक मुरडलं. नंतर भांडी विसळताना तिला एकटीला गाठून म्हटलं होतं, त्याचं शिक्षण होऊ दे, तोवर त्याला नादी लावू नकोस. ती 'बरं' म्हणाली होती आणि बशी पुसत राहिली होती. तेव्हा ती पोटुशी होती. मला ते आत्ता कळत होतं, इथे बसल्या बसल्या, टॅक्सच्या प्रश्नावरून.

"मॉम," नोलन म्हणाला. "ओरडायचं असेल तर ओरड. पण मग मी फोन ठेवेन, आणि परत उचलणार नाही. तिला आत्ताच झोपवलं होतं."

तो हे धमकी दिल्यासारखं बोलला नाही. दुकानात गिऱ्हाईकाला भाव सांगावा तसा बोलला, आणि म्हणूनच मला भीती वाटली. एक शब्द वेडावाकडा गेला असता तर तो गेला असता, आणि ते रडणंही त्याच्याबरोबर गेलं असतं. मी चाळीस पोरांना आरशातून नुसत्या नजरेनं गप्प बसवते. स्वतःला गप्प बसवायचं कसं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"नाव काय?" मी विचारलं.

"विनिफ्रेड. आम्ही विनी म्हणतो."

"कधी झाली?"

"तीस डिसेंबरला. ख्रिसमसच्या आठवड्यात कधीही होईल म्हणाले होते. म्हणून..."

म्हणून बर्फ. मी डोळे मिटले. मोजा फायरप्लेसवर लटकत होता तेव्हा तो तिकडे हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवून बसला असणार, आणि मी फोनवर त्याला आईबापांची किंमत नाही असं सुनावत होते. काय बोलायचं असतं अशा वेळी? बायका पटकन काहीतरी गोड बोलतात. मला ते जमत नाही. मला टॅक्स जमतो.

"तिच्या नावापुढे घरात किती महिने लिहिलेस?"

"काय?"

"सॉफ्टवेअर विचारतं ना, मूल तुमच्याबरोबर किती महिने राहिलं?"

"ते होय. एक. खरं तर दोनच दिवस होती गेल्या वर्षात, पण त्याहून कमी काही दाखवत नव्हतं. मग तेच म्हणालं, इतक्यावर तुम्हाला काही मिळणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे."

"बारा लिही."

"मॉम, खोटं कसं लिहू? दोन दिवस..."

"खोटं नाही. वर्ष संपायच्या आत मूल जन्मलं आणि तुझ्या घरात आलं, की ते वर्षभर तुझ्याच घरात होतं असं धरतात. नियम आहे. बारा लिही."

तिकडे विनीचं रडणं थांबलं होतं.

"वर्षभर?" तो म्हणाला.

"वर्षभर. आणि शेल्बीनं तिच्या रिटर्नमध्ये तिला दाखवलेलं नाही ना? दोघांपैकी एकानंच दाखवायचं."

"नाही दाखवलं. मॉम, तू रडतेयस?"

"बर्निस रडतेय."

बर्निस खरोखरच रडत होती, पावाच्या पिशवीत नाक खुपसून, स्वतःच्या कागदांवर. पण मीही रडत होते.

मग मी एक प्रश्न विचारला. आयुष्यात मी त्याला असा प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण पुढे काय येणार ते मला खरंच ठाऊक नव्हतं. "आम्ही आत्ता आलो तर चालेल का?"

आणि थांबले. 'चालेल ना' म्हटलं नाही, 'निघालोच' म्हटलं नाही. तो म्हणाला, "शेल्बीला विचारतो," आणि फोन कुठेतरी ठेवला गेला. एवढा वेळ मी कधी कशासाठी थांबले नसेन. त्या पोरीनं 'नाही' म्हटलं असतं तर मला बोलायला जागा नव्हती.

"या म्हणतेय," तो परत येऊन म्हणाला. "पण हळू आवाजात बोलायचं, असंही म्हणतेय."

फोन ठेवल्यावर मी माझं रिटर्न पुढे ओढलं. नोलनच्या नावाशेजारी 'काढून टाका' असं आहे, तिथे दाबलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की? पाळण्यात होता तेव्हापासून त्याचं नाव तिथे होतं, दरवर्षी आपोआप यायचं. मी 'हो' दाबलं. कोपऱ्यातला रिफंडचा आकडा धाडकन खाली आला.

दार उघडलं. गॉर्डी आत आला, हातात तेलाचे डाग पडलेले डबे, बुटांना चिखल. "कॉड मासा संपला. पर्च घेतला," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकला. तिथे आता पुढचा प्रश्न आला होता: गेल्या वर्षी तुमच्या कुटुंबात काही बदल झाला का?

"दाब की 'नाही'," गॉर्डी म्हणाला. "आपल्याकडे काय बदलायचंय? मासे गार होतायत."

मी लॅपटॉप बंद केला.

"कोट काढू नकोस," मी म्हटलं. "मासे गाडीत ठेव परत. गाडी तू चालव, मी बोलते. आणि त्या मागच्या काचेवरचं स्टिकर निघतंय का बघ."