गुलबक्षीचे झेंडे

शेल्बीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी दुर्बीण असायची. तिच्यातून ती धूर शोधायची, साप शोधायची, आणि सासरा व्हर्न कुंपणापाशी फार वेळ एकाच जागी उभा दिसला तर तो हलतोय ना, हेही बघून घ्यायची. व्हर्न हलायचा. जरा उशिरा, एवढंच.

लेक ओपल झाल्यापासून काळज्या वाढल्या होत्या, पण मागच्या उतारावरच्या गुलबक्षीची काळजी ओपलच्याही आधीची. इम्नाहा नदीच्या त्या दरीत पाण्यापासून कड्यापर्यंत नुसतं गवत, आणि मे महिन्यात त्या गवतात एकच ताटवा असा भडक फुलायचा की डोळ्यांत भरावा. ही रानगुलबक्षी आसपासच्या दोन-तीन दऱ्या सोडल्या तर जगात कुठेही उगवत नाही, हे शेल्बी कॉलेजात शिकली होती. लग्न होऊन आली तर गुलबक्षी सासरच्या गुरांच्या कुरणातच उभी! "ती होय? ती पहिल्यापासून आहे," व्हर्न म्हणाला होता, आणि विषय संपला होता.

आता फवारणीचा दिवस आला. पिवळ्या फुलांचं एक काटेरी तण दरीभर माजलं होतं. घोड्यांनी खाल्लं की त्यांचे जबडे लुळे पडत. म्हणून दर वसंतात शेजारीपाजारी पाठीवर पंप घेऊन एकमेकांच्या कुरणात फवारायचे, आणि ज्याचं कुरण त्याच्याकडे जेवायचे. मारलेली जागा कळावी म्हणून औषधात निळा रंग असायचा. औषध गवताला काही करायचं नाही. रुंद पानाचं जे समोर येईल ते मात्र मारायचं. गुलबक्षीचं पान चांगलं रुंद असतं.

आदल्या दिवशी ओपलला पाठीवर घेऊन शेल्बी चढ चढली आणि ताटव्याभोवती तारेच्या काडीचे छोटे झेंडे रोवून आली. दुकानात सगळ्यांत उठून दिसणारे तिने मुद्दाम निवडले होते, फुलाच्याच रंगाचे.

"व्हर्न, मी वर झेंडे लावलेत. उद्या सगळ्यांना सांगाल ना?"

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की गं पोरी."

शेल्बीला निर्धास्त वाटलं. असं कधी होत नसे, तेव्हा तिला तिथेच शंका यायला हवी होती.

सकाळी माणसं कॉफी पिऊन वर गेली. नवरा टॉड गुरांबरोबर वरच्या पठारावर होता. शेल्बीने बटाटे आणि मांस ओव्हनमध्ये सरकवलं, दात येत असलेल्या ओपलला चावायला लाकडी चमचा दिला आणि कोणी पडलं-बिडलं नाही ना, म्हणून दुर्बीण उचलली. शेजारचा ड्वेन सरळ झेंड्यांकडे निघाला होता. किती शहाणा माणूस, जागा नीट बघून घेतोय, असं तिला वाटलं. शहाण्या माणसाने पंपाची तोटी सारखी केली आणि फवारायला लागला. ताटव्याची खालची कड निळी झाली.

हाक पोचणार नव्हती. ओपलला कडेवर घेऊन ती पळत गाडीपाशी गेली आणि लांबलचक हॉर्न वाजवला, थांबून पुन्हा, आणि पुन्हा. दरीत असा हॉर्न फक्त आग लागली किंवा साप चावला तरच वाजवतात. सगळे पंप टाकून खाली धावले. सगळ्यांत पुढे व्हर्न होता.

"कुणाला चावला? बाळाला?"

"कुणालाच नाही."

"मग आग कुठंय?"

"ड्वेन, तुम्ही गुलबक्षीवर फवारलंत!"

"मी कुठं? मी झेंड्यांवर फवारलं."

"ते वाचवायला लावले होते!"

ड्वेनने घाम पुसला. "झेंडा लावून वाचवतात? अगं, तण दिसलं की झेंडा, झेंडा दिसला की मारा. माझ्या बापापासून हेच चालत आलंय."

व्हर्नने टोपी काढली. "मला वाटलं, सुनेनं तण हुडकून ठेवलंय. मी सगळ्यांना बजावलं, झेंड्यांपाशी हात आखडू नका म्हणून."

म्हणजे त्याने सांगितलं होतं.

"निळी पानं खुडायची," शेल्बी म्हणाली. "औषध मुळापर्यंत उतरायच्या आत. चला!"

चावलेलं कोणीच नसल्यामुळे असेल, पण कोणी वाद घातला नाही. मोठमोठे गडी जाड हातमोजे घालून, भाजी निवडायला बसावं तसे उतारावर बसले. झेंडे उपटले. आता खूण कशाची ठेवायची? शेल्बीच्या पिशवीत ओपलचे लंगोट होते. ते दगडाखाली दाबून ताटव्याभोवती पसरले.

"ह्याच्या जवळ कोणी जाणार नाही," ड्वेन म्हणाला.

खाली मांस करपलं होतं. सगळ्यांनी खाल्लं.

पुढच्या वसंतात वरची गुलबक्षी फुटली. खालची कड उघडीच राहिली. शेल्बी रोज दुर्बिणीतून बघायची. व्हर्न विचारायचा नाही, पण मीठ घ्यायच्या निमित्ताने खिडकीपाशी फार यायला लागला होता.

फवारणीच्या आधी एका सकाळी तो उतारावर उभा दिसला. हलेना. शेल्बीने वाट पाहिली. तरी हलेना. मग ओपलला पाठीवर टाकून ती धापा टाकत वर गेली.

"व्हर्न! बरे आहात ना?"

"तिथंच थांब. पाय टाकू नकोस."

"साप?"

"कोंब."

उघड्या मातीतून तो जेमतेम वर आला होता, व्हर्नच्या बुटापासून बोटभर अंतरावर. म्हणून व्हर्न हलत नव्हता.

"लंगोट आण एखादा," तो म्हणाला.

घर पार खाली होतं, आणि बुटाचा काही नेम नव्हता. शेल्बीने ओपलला पाठीवरून उतरवलं आणि तिचा लंगोट सोडला.